पिल्लू नर की मादी?

(दिलसुखनगर येथे मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



विषय ऐकून काहींना हसू आले असेल. पण आपल्यापैकी बऱ्याच घरांत काचेची टाकी आहे, आणि तिच्यात बहुधा सिक्लिड कुळातले मासे आहेत. एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पिवळेधमक आफ्रिकी मासे, सगळे याच कुळातले. दुकानदार दोन पिल्ले पिशवीत घालतो आणि सांगतो, "जोडी आहे." मुले हौसेने नावे ठेवतात. काही महिन्यांनी एक मासा दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडून मारू लागतो, कारण दोघेही नर निघतात. म्हणून हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

हे कूळ आपल्याला परके नाही. कोकण-गोव्याच्या खाड्यांतले काळुंदर, म्हणजे केरळचे करीमीन, हाही सिक्लिडच. त्याचे नर-मादी पूर्ण वाढ झाल्यावरही सारखेच दिसतात. दोघे मिळून पिल्लांची राखण करतात. मग पिल्लांत फरक कुठून दिसणार?

काही जातींत खुणा मिळतात. कन्व्हिक्ट नावाच्या पट्टेरी माशात मादीच्या पोटावर नारिंगी झाक येते, आणि ती बरीच लवकर दिसते. क्रिबेन्सिसच्या वयात आलेल्या मादीचे पोट गुलाबी-जांभळे होते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या पीकॉक माशांत उलटे. तिथे नर रंगीत आणि मादी करडी, पण लहानपणी सगळेच करडे! शिवाय दांडगा नर जवळ असला, तर दुबळा नर आपला रंग दाबून ठेवतो आणि मादीसारखा दिसतो. अगदी लहान पिल्लांवर भडक रंग दिसला, तर संप्रेरके खाऊ घातल्याची शंका घ्यावी. पोटाखालच्या परावरचे पिवळे ठिपके नराचे, असे सांगतात. पण ते कित्येक माद्यांनाही असतात.

त्यातल्या त्यात भरवशाची खूण पोटाखाली असते. ओल्या हाताने मासा क्षणभर उलटा धरून पाहिले, तर दोन छिद्रे दिसतात. मागचे छिद्र मादीत मोठे आणि रुंद, नरात लहान. पण मासा निदान बोटाएवढा झाल्याशिवाय हे कळत नाही. त्याहून लहान पिल्लाला उगीच हाताळू नये.

यात जाणकारांचीही दमछाक होते. तिलापिया पाहा. आपल्या देशात तो 1952 मध्ये आणला गेला. उजनीच्या जलाशयात त्याला चिलापी म्हणतात, आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे जिलेबी. नर जलद वाढतो, म्हणून मत्स्यशेती करणाऱ्यांना सगळे नरच हवे असतात. हाताने निवड करायची तर पिल्ले मोठी होईपर्यंत थांबावे लागते, आणि तरीही काही माद्या सुटतातच. म्हणून पुष्कळ ठिकाणी पिल्लांना सुरुवातीच्या आठवड्यांतच संप्रेरकयुक्त खाद्य देऊन नर बनवतात.

मग आपण काय करावे? "जोडी" विकत घेऊ नये. एंजलसारख्या जातीची पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवावीत आणि त्यांनाच आपला जोडीदार निवडू द्यावा. अंडी दिली म्हणजे जोडी जमली, असेही समजू नये. दोन माद्या एकत्र राहून अंडी देतात आणि ती पांढरी पडतात. मलावीच्या माशांत एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात, म्हणजे एकीवरच सारा त्रास येत नाही. आपल्याकडचे बोअरचे जड पाणीही या माशांना मानवते.

आता शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. जास्तीचे नर निघतील, पिल्लेही शेकड्यांनी होतील. त्यांचे काय करायचे हे मासे आणण्यापूर्वीच ठरवा. दुकानदार परत घेईल का, कोणाला देता येतील का, हे आधी विचारा. पण "जीव वाचला" म्हणून ते सरूरनगरच्या तलावात सोडू नका. तिलापियाने आपल्या देशातल्या तळ्यांत किती हातपाय पसरले आहेत ते पाहा. बाहेरचा मासा एकदा रुजला की इथल्या माशांच्या वाट्याचे खाद्य आणि जागा तो घेतो, आणि मग त्याला काढणे कोणालाच जमत नाही. विसर्जनात रंग आणि प्लास्टर पाण्यात जाऊ नये म्हणून आपण शाडूची मूर्ती आणतो. मग हाच विचार माशांच्या बाबतीतही असू द्या.

मुलांनी विचारले, "आजोबा, हा दादा की ताई?" तर बेधडक सांगा, "अजून ठरायचंय, आपण वाट पाहू." तोवर मुले रोज टाकीसमोर बसतील, एका वहीत रंग, लांबी आणि वागणूक लिहितील. मोबाइलपेक्षा ते केव्हाही बरे.

गणपती बाप्पा मोरया!