बदकांची मोजदाद



केट बीटन ही कॅनडातील केप ब्रेटन बेटावरची मुलगी. शिक्षणाचे कर्ज फेडण्यासाठी २००५ साली ती अल्बर्टातील तेलवाळूच्या खाणींवर कामाला गेली. त्याच काळात, २००७ पासून, ती आपली व्यंगचित्रे इंटरनेटवर मांडू लागली. खाणींवरील दिवसांची हकीकत सांगणाऱ्या तिच्या ‘डक्स’ या चित्रग्रंथाला २०२३ साली दोन आयस्नर पारितोषिके मिळाली.

आम्हां कामगार-चळवळीतल्या माणसांना आनंद वेगळाच आहे. २००८ साली तिथल्या एका विषारी तळ्यात सोळाशे बदके मेली. त्यांची मोजदाद झाली, खटलाही चालला. पण छावण्यांत एकटेपणाने खचणारी माणसे कोणी मोजली? बीटनने त्यांची नोंद घेतली, आणि त्यांच्यातच सोसलेला जाचही लपवला नाही. हजेरीपटावर जे चढत नाही, ते असे कोणीतरी मांडावेच लागते.