प्लास्टिकची सौरपट्टी आणि नागपूरचे ऊन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या किराणा दुकानदाराने मला विचारले, "सर, प्लास्टिकचं सोलर निघालंय म्हणे. कापडासारखं गुंडाळता येतं. मी गच्चीवर पॅनल लावायला कर्ज काढतोय. आता लावू, की थांबू?"

प्रश्न कर्जाचा होता. म्हणून उत्तराआधी मी त्याला आमच्या गच्चीवर नेले आणि दोरीवरचा कपड्यांचा चिमटा दाबायला सांगितले. दिवाळीत घेतलेला चिमटा बोटातच मोडला. ऊन आणि हवेतला प्राणवायू मिळून प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, त्याचा हा परिणाम.

विजेचे वहन करणाऱ्या प्लास्टिकच्या शोधासाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा पॉलिमरच्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून असतात. त्यामुळे ते प्रकाश शोषते. पण प्राणवायू हल्ला करतो तोही तिथेच. शिवाय सौरघटात हे पॉलिमर एकटे नसते. इलेक्ट्रॉन घेणारा दुसरा पदार्थ त्यात अगदी बारीक मिसळलेला असतो आणि हा सगळा थर केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाइतका. उष्णतेने हे मिश्रण हळूहळू फुटते. तर्री ठेवून दिली की तेल वेगळे होते ना, तसेच.

टिकाऊपणाच्या आधी दर्जाचा प्रश्न येतो. माझ्या एका विद्यार्थ्याने एका बाटलीतल्या पॉलिमरचे घट केले, छान चालले. ती संपल्यावर त्याच नावाची दुसरी बाटली मागवली, तर वीज निम्म्यावर आली. बिचारा महिनाभर स्वतःच्या हातांना दोष देत होता. मीही त्याला दोन शब्द सुनावले, हे कबूल करतो. शेवटी साखळ्यांची लांबी मोजली, तर दुसऱ्या बाटलीतल्या फारच आखूड निघाल्या. साखर साखरेसारखी असते, पण पॉलिमरचे तसे नाही. साखळी किती लांब, तिची जोडणी किती नियमित, उत्प्रेरकातला पॅलेडियमसारखा धातू किती मागे राहिला, हे प्रत्येक घाण्याला तपासावे लागते.

आता टिकाऊपणा. पूर्वी जो तो आपल्या सोयीने चाचणी घेई. २०११ मध्ये अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून चाचण्यांची पद्धत ठरवली: अंधारात, दिव्याखाली, उघड्यावर, तापमान खालीवर करून. घटाची वीज मूळच्या ८० टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो, ते पाहायचे. प्रयोगशाळेत या घटांची कार्यक्षमता आज १९-२० टक्क्यांपर्यंत गेली आहे आणि बातम्यांत तोच आकडा असतो. मी मात्र विचारतो, किती तास टिकला? कोणत्या तापमानाला? दिव्यात अतिनील किरण होते का?

हिशेब साधा आहे. दिवसाला भर उन्हाचे पाच तास धरले, तर वर्षाचे होतात सुमारे १८०० तास. म्हणजे 'हजार तास टिकला' याचा अर्थ गच्चीवरचे जेमतेम सात महिने! बाजारातल्या सिलिकॉन पॅनलला २५ वर्षांची हमी असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि उन्हातले पॅनल हवेपेक्षा वीस-पंचवीस अंश जास्तच तापते. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी देशभर केलेल्या पाहण्यांत, उष्ण प्रदेशात काचेखालचे सिलिकॉन पॅनलही लवकर उतरते असे दिसले आहे. मग उघड्या प्लास्टिकचे काय?

खोलीतल्या उजेडावर चालणाऱ्या लहान उपकरणांसाठी हे घट उपयोगी पडतील, असे मला वाटते. पण शेजाऱ्याला मी म्हटले, "थांबू नकोस, काचेचंच लाव."

त्याने लावले. आमच्या सौभाग्यवतींनी चिमटे मात्र आता लाकडी आणले आहेत.