नावाचा सातबारा

गोंदिया म्हटले की धान आले आणि धानापाठोपाठ राईस मिल आली. आमचीही एक मिल आहे. तांदळाच्या प्रत्येक कट्ट्यावर आमच्या संकेतस्थळाचे नाव छापलेले असते आणि बाहेरगावचे व्यापारी त्याच नावाच्या ई-मेलवर भाव विचारतात. गेल्या वर्षी आमच्या होस्टिंग कंपनीची सेवा ढासळली. आम्ही दुसरीकडे जातो म्हटले, तर उत्तर आले, ‘‘पुढच्या तीन वर्षांचे पैसे भरा, मग नावाचे बघू.’’

नाव गेले तर काय जाते? कट्टे पुन्हा छापता येतात. पण जुना व्यापारी जुन्याच पत्त्यावर लिहितो. उद्या ते नाव दुसऱ्याने घेतले, तर आमची पत्रे त्याच्या हाती पडणार!

येथे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. होस्टिंग म्हणजे भाड्याचे गोदाम आणि डोमेन नेम म्हणजे पेढीचे नाव. गोदामवाल्याने भाडे जरूर मागावे, पेढीचे नाव अडवू नये. या नावांची नोंद रजिस्ट्रार कंपन्या करतात. डॉट कॉमसारख्या नावांसाठी त्यांचे नियम १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरवते. डॉट इन आणि देवनागरीतील डॉट भारत यांची व्यवस्था आपल्याकडील निक्सी पाहते.

ही नोंद म्हणजे नावाचा सातबाराच. मालकाचे नाव त्यात पुष्कळदा झाकलेले असते, पण रजिस्ट्रार कोण ते कोणालाही पाहता येते. आम्ही पाहिले तेव्हा कळले, की होस्टिंग कंपनी नुसती मध्यस्थ आहे, रजिस्ट्रार दुसराच! त्याला थेट लिहिले, बिले जोडली. नोंद मिलच्याच नावे निघाली. मग नावाचे कुलूप काढा आणि ऑथ कोड द्या, एवढेच मागितले. डॉट कॉमच्या नियमानुसार मालकाने मागितल्यापासून पाच दिवसांत हा कोड द्यावा लागतो. पुढच्या काळाचे पैसे भरले नाहीत, या कारणावरून बदली अडवता येत नाही. टाळाटाळ झाली तर आयकॅनकडे तक्रार करता येते. आम्हाला चौथ्या दिवशी कोड मिळाला. तो नव्या रजिस्ट्रारला दिला. जुन्याने हरकत घेतली नाही आणि पाच दिवसांनी नाव तिकडे गेले.

मात्र नावाबरोबर मजकूर आणि ई-मेल आपोआप जात नाहीत. त्यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. नावाची मुदत संपण्यापूर्वी दोनेक महिने हालचाल सुरू करावी.

आपल्या दुकानाचे, शाळेचे, संस्थेचे संकेतस्थळ असेल, तर नोंद कोणाच्या नावे आहे ते विचारून घ्या. संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावे असेल, तर संबंध गोड आहेत तोवरच बदलून घ्या. भांडण झाल्यावर सही मिळत नाही, हे शेताच्या वाटणीत आपण पाहतोच.