प्रवरेच्या उगमाकडे

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की अवर्षणाचा आणि साखर कारखान्यांचा मुलूख डोळ्यांपुढे येतो. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम सरहद्दीवर, अकोले तालुक्यात, जेथे सह्याद्रीचे कडे एकाएकी कोकणाकडे कोसळतात, तेथे रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेने एक जलसमृद्ध, अरण्यमय खोरे घडविले आहे.

इंग्रजी अंमलात, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचा लौकिक मोठा. तथापि आमच्या मते या खोऱ्याचे खरे वैभव जलाशयाच्या दूरच्या टोकाला, रतनवाडीस आहे. तेथील अमृतेश्वराचे शिलामंदिर, ज्याच्या शिखरावर लहान शिखराकृतींच्या ओळी एकावर एक चढत गेल्या आहेत आणि ज्याचे स्तंभ सूक्ष्म शिल्पांनी नटले आहेत, ते शेजारच्या रेखीव पुष्करिणीसह निवांतपणे पाहावे. अर्धा दिवसही अपुरा पडेल.

उत्तरेस १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असून नवरात्रात तेथील देवीच्या दर्शनास भाविकांची रीघ लागते. येथील महादेव कोळी व ठाकर समाज भात, नागली, वरई पिकवितात आणि देवदेवतांचे मुखवटे धारण करून बोहाड्याचा उत्सव करतात. कंपनी सरकारविरुद्ध बंड करून १८४८ साली ठाण्यास फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे.

याच खोऱ्यातील रंधा धबधबा मात्र पावसाळ्यातच पाहावा. एरवी त्याचे पाणी धरणाच्या विसर्गावर अवलंबून असते.