विज्ञान पक्कं, की गोष्ट रंगतदार?

विज्ञानकथेचे रसिक जमले, की एक वाद ठरलेला.
कथेतलं विज्ञान पक्कं हवं, की गोष्ट रंगली म्हणजे पुरे?

जपानी ॲनिमे असो, व्हिडिओ गेम असो, वा कादंबरीवरचा चित्रपट;
प्रश्न हाच.

मराठीत तो नवा नाही.
ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मुलांसाठी मराठीत आणल्या.
तिथे गोष्टीची गंमत आधी.

मग 1974 साल.
मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली.
लेखक, नारायण विनायक जगताप.
हे टोपणनाव होतं.
खरे लेखक, खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर.
आद्याक्षरं तेवढी उलटी केलेली!
हस्ताक्षर ओळखू येऊ नये, म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली.

नारळीकरांचा कौल स्पष्ट होता.
विज्ञान काढून घेतलं, तर कथा उभीच राहू नये.
म्हणजे विज्ञान पक्कं हवं, आणि गोष्टही त्यावरच रंगावी.

अशा विज्ञानकथाकाराला साहित्यविश्वानंही मान दिला.
धाराशिवला 2020 च्या जानेवारीत मराठी साहित्य संमेलन भरलं.
पुढचं संमेलन नाशिकचं.
त्याचे अध्यक्ष, हेच नारळीकर.

‘कृष्णविवर’ त्यांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहात आहे.
जरूर वाचा.