गोळ्या दिल्या, पण घेतल्या का?

दर वेळी मी गटाच्या हिशोबाचं नाहीतर कर्जाच्या हप्त्याचं बोलते. आज ते नाही. आज आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांबद्दल सांगायचंय. त्यांना विचारून बोलतेय. नाव तेवढं घेऊ नको म्हणाल्या.

सिस्टरांची बावीस वर्षं नोकरी झाली. पावसात, चिखलात, वाडीवस्तीवर जाऊन त्यांनी लसी दिल्या, बाळंतपणं केली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गावांमध्ये एक अभ्यास झाला. गरोदर बायांना रक्तवाढीच्या लाल गोळ्या मिळतात, तरी रक्त का वाढत नाही, एवढाच त्याचा प्रश्न. घरोघरी जाऊन विचारायचं काम सिस्टरांकडे आलं. आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण. त्यात काय शिकवलं? तर गप्प बसायला. प्रश्न विचारायचा, बाई बोलेपर्यंत थांबायचं, मधेच उपदेश करायचा नाही. सिस्टर मला म्हणाल्या, "अगं, इतक्या वर्षांत मला हे कुणी शिकवलंच नव्हतं. मी आपली घरात शिरले की बोलायलाच लागायची."

पहिलंच घर सातव्या महिन्यातल्या एका सुनेचं. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे सिस्टरांच्याच अक्षरात 'गोळ्या दिल्या' असं लिहिलेलं. अभ्यासात मात्र घरात उरलेल्या गोळ्या मोजायच्या होत्या. सुनेनं पिठाच्या डब्यामागून पाकिटं काढली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

सिस्टरांना वाटलं, हिला चांगलं झापावं. पण गप्प बसायचं ठरलं होतं. मग ती पोरगी हळूहळू बोलली. सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळायचं, आणि लगेच खुरपायला जायचं असायचं. शौचाला काळं झालं तेव्हा ती घाबरली. त्यात सासू म्हणाली, गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग सिझर होतं. विचारायचं कुणाला? सिस्टर आल्या की घाईत असायच्या.

"एक क्षण वाटलं, पाच-दहा खाल्ल्या असं लिहून टाकावं," सिस्टर म्हणाल्या. "माझंच नाव जाणार होतं ना. पण मग अभ्यास कशाला करायचा?" त्यांनी शून्य लिहिलं. त्या रात्री जेवण गेलं नाही म्हणाल्या. बावीस वर्षं आपण गोळ्या वाटल्या आणि वाटल्या म्हणजे खाल्ल्या असं धरून चाललो, हे त्यांना फार लागलं.

हे ऐकून मला गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आठवल्या. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि डॉ. अभय बंग यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तिथल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट' या विलायतेतल्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना अंगावरून जाणं, सूज, पाळीचा त्रास असा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या किती? शंभरात फक्त आठ. दवाखान्यात बसून हे कुठल्या डॉक्टरला कळलं असतं? ज्या बाया आल्याच नाहीत, त्या रजिस्टरमध्ये कुठून दिसणार!

त्याच संस्थेनं पुढे ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज आशाताई झोळीचा काटा घेऊन तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आपल्या दारात येते ना, त्याचं मूळ तिथं आहे.

पण सगळेच अभ्यास असे नसतात, हेही सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एक गाडी आली होती. बायांचं रक्त घेतलं, कागदावर अंगठे घेतले, गाडी गेली. आजतागायत कुणाला रिपोर्ट नाही. म्हणून या वेळी गटानं आधीच सांगितलं, कागद वाचून दाखवा, नको वाटलं तर नाही म्हणू द्या, आणि रक्त किती आहे ते त्याच दिवशी सांगा. त्यांनी ऐकलं. रक्त ११ च्या खाली असलेल्या बायांना लगेच आरोग्य केंद्रात धाडलं.

निकाल सांगायला ते आले नेमके सोयाबीन काढणीच्या दिवसांत! अकरा बाया जमल्या. तक्ते सगळे इंग्रजीत. शेवटी सिस्टर उठल्या आणि आपल्या भाषेत सांगू लागल्या. "गोळ्या तुम्ही टाकल्या, पण का टाकता हे मी कधी विचारलं नाही," हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या. एरवी मोठ्या आवाजात बोलणाऱ्या सिस्टरांचा आवाज तेव्हा बारीक झाला होता.

आता तेवढं गोळीचं ऐकून ठेवा. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायची. शौचाला काळं होतं ते लोहामुळं, घाबरायचं नाही. गोळीच्या वेळेला चहा नको, लिंबू-आवळा चालतो. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. आणि गोळीनं बाळ मोठं होऊन बाळंतपण अडत नाही. हे सासूबाईंनाही ऐकवा, रेडिओचा आवाज जरा मोठा करा.

परवा मी उपकेंद्रात गेले होते. सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये 'दिल्या' या छापील रकान्याशेजारी पट्टीनं ओढलेली एक रेघ दिसली. वर पेन्सिलीनं लिहिलंय, 'घेतल्या'. त्या सुनेच्या नावापुढे तिथं २६ आकडा होता, आणि समोर बारीक अक्षरात, 'चार दिवस माहेरी, पाकीट विसरली'.