जिवाचा भाव



मी गोदीत ओझी उचलतो. कवितेत चार शिव्या घालता येतात, पण इथं हिशेब मांडायचाय. मांडतो.

२०२१ साली आमच्या पाळीत क्रेनची स्लिंग तुटली. खाली जोडीदार उभा होता, जागच्या जागी गेला. वय २५. ठेकेदाराच्या हापिसात कारकुनानं दोनच गोष्टी विचारल्या : वय किती, पगार किती? मला वाटलं, साल्याला माणुसकी नाही. मग कळलं, तो कायदाच बोलत होता. १९२३ च्या भरपाई कायद्यात मेलेल्याचा अर्धा पगार धरून वयाच्या आकड्यानं गुणायचे. २५ व्या वर्षाचा आकडा २१६.९१. आणि मस्टरवर पगार मुळातच निम्मा लिहिलेला. म्हंजे कागदावर माणूसही निम्माच मेला.

ही मेल्यावरची किंमत. माणूस मरू नये म्हणून किती खर्चायचं, याचाही भाव काढतात. १९६८ साली थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं वाट दाखवली : जोखीम कमी करण्याला लोक काय मोल देतात ते बघा. पुढं मजुरीवरून हिशेब निघाले. समजा, एका कामात दहा हजारांत वर्षाला एक जण जास्त मरतो, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक जण १,३२० डॉलर जादा घेतो. गुणा. १ कोटी ३२ लाख डॉलर. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं २०२३ सालासाठी एका जिवाचा हाच भाव धरला. सुरक्षेचा खर्च परवडतो का, ते या आकड्यावर ताडतात. मी याला हसणार नाही. भाव लागला तर रस्त्याला कठडा तरी होतो.

पण या गणिताच्या पोटात एक गोष्ट गृहीत आहे : कामगार नाही म्हणू शकतो. नाही म्हणता येतं, म्हणून तर जादा मागता येतं. आता गटाराचं झाकण उघडा. आत उतरणाऱ्याला काम कुणी दिलं? जातीनं. जातीत धंदा निवडता येत नाही, हे बाबासाहेब १९३६ सालीच सांगून गेले. जो निवडूच शकत नाही, तो जोखमीचा जादा दाम कुठून मागणार? जादा मजुरी शून्य, म्हणजे त्या गणितात त्याचा जीवही शून्य!

१९९३ ला बंदीचा कायदा झाला, २०१३ ला दुसरा. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या घरी १० लाख द्यायला सांगितलं. २०२३ साली ते ३० लाख झाले. भांडून घेतलेच पाहिजेत, त्या घरात चूल पेटायचीय. पण हाही भाव मेल्यावरचाच. २०१३ च्या नियमांत वायू तपासायचं यंत्र, हवा सोडायचा पंखा, मास्क, सगळं लिहिलंय. ते घेताना ३० लाखांशी कोण ताडून बघतं?

जोडीदाराच्या आईनं भरपाईचा कागद बघितला आणि मला विचारलं, ''नवी स्लिंग केवढ्याला येते रे?''

मी दुकानात जाऊन विचारून आलो. आईला अजून सांगितलं नाही.